गोमंतकाचा लेखणीबहाद्दर : त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर म्हणजे काय हे पहिलीतल्या पोरालाही सांगावे लागत नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आपण तेरा महिने निजामाच्या राज्यात राहिलो, ही गोष्ट कंधारच्या किल्ल्याइतकीच आपल्या ओळखीची आहे. पण आपल्यापेक्षाही उशिरा मुक्त झालेला एक मुलूख आपल्या शेजारीच आहे. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा वर्षे, थांबावे लागले. निजामाचे राज्य मोठे होते, त्याचा खजिना मोठा होता, रझाकार होते. तरी ते पाच दिवसांत गेले. आणि ३,७०० चौरस किलोमीटरचा गोवा मात्र पोर्तुगालच्या मुठीतून सुटेना. हा पोर्तुगाल तरी केवढा? आपल्या मराठवाड्याच्या दीडपटीहूनही कमी क्षेत्रफळाचा, आणि त्या काळी ८५ ते ९० लाख लोकसंख्येचा. एवढ्याशा देशाने भारतासारख्या राष्ट्राला १४ वर्षे कसे थोपवून धरले, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला माझ्या मनात आला आणि त्याचे उत्तर शोधताना मला डॉ. त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हा हे नाव सापडले. लोक त्यांना टी. बी. कुन्हा म्हणत. गोव्यात त्यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. आपल्याकडे मात्र गोवामुक्ती म्हटले की लोहिया, नानासाहेब गोरे, सेनापती बापट आणि मोहन रानडे आठवतात, कुन्हा आठवत नाहीत. म्हणून हा लेखप्रपंच.

कुन्हांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी गोव्यातील चांदर या गावी झाला. घराणे सुखवस्तू, कॅथलिक आणि पोर्तुगीज भाषेत वाढलेले. पणजीला शाळा झाली. पुढचे शिक्षण पाँडिचेरीला फ्रेंचमधून झाले आणि तिथून ते थेट पॅरिसला गेले. सॉरबोन विद्यापीठातून ते विद्युत अभियंता झाले. आता पोर्तुगीज प्रजाजनाने लिस्बनला जाण्याऐवजी पॅरिसला जावे ही गोष्ट साधी नाही. पॅरिस त्या काळी आशिया-आफ्रिकेतल्या पारतंत्र्यात असलेल्या देशांच्या तरुणांचे माहेरघर होते. तिथे साम्राज्यशाहीविरोधी मंडळींत कुन्हांचे उठणे-बसणे सुरू झाले. फ्रेंच वर्तमानपत्रांत ते हिंदुस्थानावर लिहू लागले. इंग्रज इथे काय करीत आहेत आणि गांधी नावाचा माणूस कोण आहे, हे फ्रेंच वाचकांना सांगणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत त्यांची गणना होते. रोमां रोलां यांच्यासारख्या साहित्यिकाशी त्यांचा परिचय होता. मातृभाषा कोकणी, शाळा पोर्तुगीज, कॉलेज फ्रेंच आणि पुढे लेखन इंग्रजीत! इंग्रजीचा एक परिच्छेद वाचताना आम्हा कित्येकांना घाम फुटतो, त्या आम्हाला याचे नवल वाटल्याशिवाय कसे राहील? पण कुन्हांनी या भाषा मिरवण्यासाठी वापरल्या नाहीत. त्यांचा उपयोग त्यांनी कशासाठी केला ते पुढे येईलच.

१९२६ साली ते गोव्यात परतले. योगायोग असा की त्याच वर्षी २८ मे रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. १९१० साली तिथे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते आणि त्यामुळे गोव्यातही थोडी मोकळी हवा आली होती, वर्तमानपत्रे निघाली होती. ती हवा आता बंद झाली. १९२८ मध्ये आंतोनियो सालाझार नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक त्या सरकारचा अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत खुर्चीवरून हलला नाही. प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये, पण हुकूमशहा नेहमी लष्करी गणवेशातच येतो असे नाही.

ज्या १९२८ मध्ये सालाझार मंत्री झाला त्याच १९२८ मध्ये कुन्हांनी मडगावला गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. कलकत्त्याच्या अधिवेशनात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने तिला मान्यता दिली. गोवा हा हिंदुस्थानचाच भाग आहे, हे त्यांना यातून सांगायचे होते. आज ही गोष्ट आपल्याला उघड वाटते. पण त्या काळी ती उघड नव्हती. खुद्द काँग्रेसनेही १९३४ च्या सुमारास परक्या राजवटीतल्या शाखा बंद करण्याचा नियम केला तेव्हा गोव्याची शाखा त्यात गेली. ज्या संस्थेकडून आपले म्हणून जवळ घेण्याची अपेक्षा, तिच्याच दप्तरात गोवा परदेश ठरला. कुन्हा खचले नाहीत. १९३८ मध्ये ती कमिटी त्यांनी मुंबईत पुन्हा उभी केली. मुंबईत गोमंतकीय नोकरदार, खलाशी, छापखान्यातले कामगार हजारोंनी होते आणि इथे सालाझारचा सेन्सॉर नव्हता.

हा सेन्सॉर म्हणजे काय होते हे समजल्याशिवाय कुन्हांचे काम समजणार नाही. गोव्यात सभा घ्यायची तर परवानगी, पत्रक छापायचे तर परवानगी, संस्था काढायची तर परवानगी. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर होऊन यावी लागे, असे त्या काळचे लोक सांगत. आपल्या भागात निजामाच्या काळी सभाबंदीचे गश्ती फर्मान होते, त्याचीच ही भावंडे म्हणायची. आणि १९३० साली सालाझारने जो वसाहत कायदा केला त्याने गोवेकर हे दुय्यम दर्जाचे नागरिक ठरले. त्याविरुद्ध पणजीच्या कौन्सिलात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडणारे लुईस द मेनेझिस ब्रागांसा हे कुन्हांचे मेहुणे. घर एक, विचार एक.

कुन्हांनी सुरुवातीला हाती घेतलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गोव्यातल्या गरीब कुणब्यांना करार करून आसामच्या चहामळ्यांत मजूर म्हणून पाठवले जात होते. इंग्रज मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांची त्याला आडकाठी नव्हती. तिथे त्यांचे जे हाल झाले ते कुन्हांनी चव्हाट्यावर आणले आणि त्यांच्या सुटकेसाठी धडपड केली. म्हणजे हा पॅरिसहून आलेला अभियंता केवळ झेंड्याचे राजकारण करीत नव्हता. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, ते तो वाचून दाखवत होता.

त्यांची सर्वांत गाजलेली पुस्तिका १९४४ सालची. इंग्रजीत लिहिलेल्या या पुस्तिकेचा विषय होता गोवेकरांचे राष्ट्रीयत्व कसे हिरावले गेले हा. चारशे वर्षांच्या राज्यात पोर्तुगीजांनी जमीन तर घेतलीच, पण माणसाला त्याच्या भाषेपासून, इतिहासापासून आणि शेजाऱ्यापासून तोडले, असा तिचा आशय आहे. शिकलेल्या गोवेकराला स्वतःच्या भाषेची लाज वाटू लागली आणि लिस्बन जवळचे, मुंबई दूरची वाटू लागली. हे लिहिणारा माणूस त्याच शिकलेल्या कॅथलिक वर्गातला होता. आपल्या लोकांना हे सांगणे परक्याला शिव्या देण्यापेक्षा अवघड असते. काही ठिकाणी त्यांचा सूर फार कडक होतो आणि गोव्याच्या मिश्र संस्कृतीत जे चांगले निपजले त्याकडे ते पाठ फिरवतात, असेही मला वाटते. पण सालाझारच्या साऱ्या दाव्याचा पाया हाच होता की गोवेकर हे मनाने पोर्तुगीज आहेत. त्या पायाखालीच कुन्हांनी सुरुंग लावला.

मग आला १९४६ चा जून. डॉ. राममनोहर लोहिया असोळणे येथे डॉ. जुलियांव मेनेझिस या मित्राकडे विश्रांतीसाठी आले होते. १८ जूनला त्यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली आणि गोव्यात ठिणगी पडली. त्या लाटेत कुन्हाही उतरले. त्यांना मारहाण झाली. जुलैमध्ये अटक करून त्यांना आग्वादच्या किल्ल्यात अंधाऱ्या, ओल्या कोठडीत ठेवले. त्या वेळी त्यांचे वय ५५ होते. लष्करी न्यायालयापुढे त्यांचा खटला चालला. मुलकी माणसावर तिथे चाललेला हा पहिला खटला मानतात. भाषण आणि लेखन एवढाच ज्याचा गुन्हा, त्याला शिक्षा झाली आठ वर्षांची आणि तीही सातासमुद्रापलीकडे. लिस्बनच्या उत्तरेला अटलांटिकच्या काठावर पेनिश नावाचा किल्ला आहे, तिथे त्यांना नेले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि जुझे इनासियु लोयोला हेही या किल्ल्यात होते. पोर्तुगालचे स्वतःचे विरोधकसुद्धा सालाझार इथेच डांबीत असे. म्हणजे पेनिशमध्ये एकाच भिंतीआड पोर्तुगीज राजबंदी होते आणि गोमंतकीय राजबंदीही होते. सालाझारशी लढणे म्हणजे पोर्तुगीज जनतेशी लढणे नव्हे, हे याहून स्पष्ट कशाने होणार?

कुन्हा तिकडे असताना इकडे आणि जगात पुष्कळ काही घडले. भारत स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान विलीन झाले. निजामानेही आपली तक्रार युनोच्या सुरक्षा समितीकडे नेली होती, पण त्याच्या पाठीशी कोणी मोठे राष्ट्र उभे राहिले नाही. पोर्तुगालचे तसे नव्हते. १९४९ साली नाटो ही लष्करी संघटना निघाली आणि पोर्तुगाल तिचा संस्थापक सभासद झाला. हुकूमशाही असलेला देश लोकशाहीच्या रक्षणासाठी निघालेल्या संघटनेत कसा बसला? कारण अटलांटिकमधली अझोर बेटे. अमेरिकेच्या विमानांना तिथला तळ हवा होता. इंग्लंडशी तर पोर्तुगालचा चौदाव्या शतकापासून तह. सालाझारची सगळी चतुराई यातच होती. दुबळ्याने बळकटाला आपली गरज पटवून द्यायची आणि त्या बदल्यात आपल्या घरातल्या गोष्टींकडे त्याने डोळेझाक करावी अशी व्यवस्था करायची.

फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने वाटाघाटीचा प्रस्ताव दिला. पोर्तुगालने बोलणीच नाकारली. पुढच्या वर्षी त्यांनी जी युक्ती केली तिला तोड नाही. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांनी वसाहत हा शब्दच काढून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक हे सारे आता समुद्रापलीकडचे प्रांत झाले. वसाहतच नाही, तर ती स्वतंत्र करण्याचा प्रश्न येतो कुठे? कुन्हांच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला पाहा. ते तुरुंगात गेले तेव्हा एका वसाहतीतले रहिवासी होते आणि बाहेर आल्यावर, परत येईपर्यंत, एका प्रांताचे रहिवासी झाले. मधल्या काळात गोव्यातला एक पोलीस कमी झाला नव्हता की एक सेन्सॉर हलला नव्हता.

१९५० मध्ये त्यांची तुरुंगातून सुटका झाली होती, पण मायदेशी येण्याची मोकळीक नव्हती. १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसला गेले आणि सप्टेंबरमध्ये मुंबईला पोचले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली होती. बासष्ट वर्षांचा, तुरुंगाने झिजलेला हा माणूस आता घरी बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने गोवा अॅक्शन कमिटी काढली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र सुरू केले.

इंग्रजीत का? कारण भांडण मडगावात असले तरी निवाडा लंडन, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कमध्ये होत होता, हे कुन्हांनी ओळखले होते. पोर्तुगालचा प्रचार असा होता की गोव्यात कॅथलिक सुखी आहेत आणि भारत हा मोठा शेजारी त्यांना गिळू पाहतो आहे. हा प्रचार मुंबईच्या एखाद्या हिंदू पुढाऱ्याने खोडला असता तर युरोपात कोणी ऐकले नसते. पण ज्याचे नाव त्रिस्तांव ब्रागांसा कुन्हा, जो सॉरबोनचा पदवीधर आणि पेनिशचा बंदी, तो बोलला की ऐकावे लागे. सालाझारच्या परराष्ट्रनीतीला गोव्याच्या मातीतून निघालेले हे उत्तर होते. सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या, १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यांच्या बलिदानाशी कुन्हांच्या लेखणीची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या गोळ्या झाडणारे सरकार जगापुढे सभ्य म्हणून उभे राहत होते आणि त्याचा बुरखा ओढण्याचे कामही कोणीतरी करायलाच हवे होते.

१९५५ चा डिसेंबर महिना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर एक निवेदन काढले आणि त्यात पूर्वेकडच्या पोर्तुगीज प्रदेशांना प्रांत म्हटले. सालाझारचा शब्द अमेरिकेने उचलला! भारतात मोठा गहजब झाला. गंमत म्हणजे त्या पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांचे आडनावही कुन्हाच, पावलो कुन्हा. एक कुन्हा गोव्याला प्रांत म्हणत होता, दुसरा वसाहत. याच सुमारास रशियाचे ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारताच्या दौऱ्यावर होते, त्यांनी गोव्यावर भारताची बाजू घेतली. १४ तारखेला पोर्तुगाल युनोचा सभासद झाला. १९ तारखेला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. आठ दिवसांत सगळे! आदल्या वर्षी मुक्त झालेल्या दादरा-नगरहवेलीकडे जाण्याचा मार्ग आम्हाला मिळावा, असा तो दावा होता.

या खटल्यात आपल्या मराठी माणसांना रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. पोर्तुगालने आधार घेतला तो पेशव्यांशी १७७९ साली झालेल्या तहाचा आणि त्यानंतरच्या सनदांचा. हेगच्या न्यायमूर्तींना मराठ्यांचे कागद, जहागीर आणि सरंजाम यांचा अर्थ लावत बसावे लागले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला होता तो महसुलाचा हक्क, राज्य दिले नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र तिथले पोर्तुगीजांचे राज्य मानले गेले, असेही म्हटले. माणसांना आणि मालाला जाण्यायेण्याचा हक्क होता, पण फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता आणि भारताने काही गैर केले नाही, असा एकूण निर्णय झाला.

हा निकाल ऐकायला कुन्हा नव्हते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ६७ वर्षे. पेनिशहून परतल्यानंतर त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली, ती त्यांनी ‘फ्री गोवा’च्या अंकांत घातली. त्यांच्या मागे ते पत्र त्यांची भाची बेर्ता द मेनेझिस ब्रागांसा यांनी चालवले. १९५९ मध्ये स्टॉकहोमला जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले.

युनोत आल्यावर पोर्तुगालला विचारणा झाली होती की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले कोणते प्रदेश आहेत. पोर्तुगालचे उत्तर होते की असा एकही नाही. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने हे उत्तर फेटाळले आणि ठराव करून गोव्यासह सगळ्या प्रदेशांची नावे मोजून सांगितली. कुन्हा तीस वर्षे जे सांगत होते ते शेवटी युनोच्या दप्तरात नोंदले गेले. नंतर बरोबर एका वर्षाने भारतीय सेना गोव्यात शिरली. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा समितीत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला, त्याला ७ मते पडली, विरोधात ४. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स त्या सातांत होते. शांततेने मिळवायचे ते शस्त्राने मिळवले असा ठपका त्यांनी भारतावर ठेवला. या ठपक्यावर आपल्याकडेही मतभेद आहेत आणि मला तो अगदीच पोकळ वाटत नाही. पण ज्यांनी १४ वर्षे सालाझारला बोलणी करायला भाग पाडले नाही, त्यांना त्या रात्री शांततेची आठवण यावी, हे विचित्र आहे. सालाझारने आपल्या सैन्याला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची आज्ञा दिली होती. गव्हर्नर वासालु द सिल्वा यांनी ती मोडून १९ तारखेला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. त्याबद्दल त्यांना मायदेशी सैन्यातून काढण्यात आले.

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा तह झाला. पुढची हकिगत कुन्हांनी पाहायला हवी होती असे वाटते. १९७५ साली पोर्तुगालची जुनी वसाहत पूर्व तिमोर इंडोनेशियाने गिळली, तेव्हा हाच पोर्तुगाल तिमोरी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी आणि तिथल्या अत्याचारांविरुद्ध जगभर दाद मागत फिरला. त्याच हेगच्या न्यायालयात त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला. १९९५ मध्ये तो निघाला नाही, कारण इंडोनेशिया पक्षकार नव्हता, पण स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगाने मानावा असा आहे, हे न्यायालयाने मान्य केले. १९९९ मध्ये तिमोरमध्ये सार्वमत झाले आणि २००२ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. देश तोच, एवढासाच. त्याच्या घरात लोकशाही आली तेव्हा बाहेरची भाषाही बदलली.

१९८६ मध्ये कुन्हांचे अवशेष मुंबईहून पणजीला नेऊन आझाद मैदानावरच्या स्मारकात ठेवण्यात आले. आग्वादचा तुरुंग आणि पेनिशचा किल्ला या दोन्ही ठिकाणी आता संग्रहालये आहेत. त्यांचे निवडक इंग्रजी लेख १९६१ मध्ये त्यांच्या स्मारक समितीने मुंबईहून पुस्तकरूपाने काढले आहेत. ते आपल्या ग्रंथालयात यावेत अशी ग्रंथपालांना माझी विनंती आहे. प्रत आली तर त्यातला एखादा लेख पुढल्या अंकासाठी मराठीत आणण्याचा प्रयत्न मी करीन, मात्र इंग्रजीच्या सरांनी तो तपासून द्यावा लागेल.